न झालेली सही: १९८६ चं टपाल विधेयक आणि राष्ट्रपतींचं टेबल

आमच्या आजोळी माजघराच्या दाराशी एक तार टांगलेली असायची. आलेलं पत्र वाचून झालं की आजोबा ते त्या तारेत टोचून ठेवत. वरची पत्रं ताजी, खालची पिवळी पडलेली. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचावं. पोस्टमन तर मजकूर तोंडाने सांगतच पायरी चढायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. निळ्या अंतर्देशीय पत्राची गोष्ट मात्र वेगळी होती. ते डिंकाने बंद केलेलं असायचं. आजी केसांतला आकडा काढून त्याची कड हलकेच उचकटायची, कारण घाईत ओढलं की कडेला दाटीवाटीने लिहिलेली शेवटची ओळ फाटून जायची. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शेवटच्या ओळीतच असायची.

ती चिकटवलेली कड उघडण्याचा अधिकार सरकारला किती असावा, या प्रश्नावर १९८६ च्या अखेरीस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एक विधेयक मंजूर केलं आणि ते राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे सहीसाठी गेलं. त्यांनी सही केली नाही. नकार दिला नाही, परतही पाठवलं नाही. २५ जुलै १९८७ ला त्यांची मुदत संपली तेव्हाही विधेयक तिथेच होतं.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात हे प्रकरण 'पॉकेट व्हेटो'चं, म्हणजे सही न करता विधेयक नुसतं ठेवून देण्याचं, उदाहरण म्हणून दोन ओळींत उरकलेलं असतं. विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मला ते सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण आपल्या राष्ट्रपतींच्या हातात नेमकं काय असतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

कायदा काय होता आणि काय होणार होता

भारतीय टपाल कायदा १८९८ सालचा. आदल्या वर्षी, २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. १८९८ मध्ये दामोदर हरी चाफेकरांना फाशी झाली, राजद्रोहाचं १२४ अ कलम आणखी रुंद केलं गेलं आणि टपाल कायदाही त्याच वर्षी आला. त्या काळच्या सरकारच्या मनात काय चाललं होतं, हे कळायला एवढा क्रम पुरेसा आहे.

या कायद्याचं २६ वं कलम सरकारला टपाल अडवण्याचा अधिकार देत होतं. 'सार्वजनिक आणीबाणी' उद्भवली असेल, किंवा सार्वजनिक सुरक्षितता व शांततेसाठी गरज असेल, तर सरकार किंवा त्याने खास नेमलेला अधिकारी लेखी हुकूम काढून पत्रं अडवू शकत होता, ठेवून घेऊ शकत होता, त्यांची विल्हेवाट लावू शकत होता. अशी परिस्थिती आहे की नाही याबद्दल शंका निघालीच, तर सरकारचा दाखला हाच निर्णायक पुरावा. म्हणजे फिर्यादीही तेच आणि पंचही तेच. स्वातंत्र्यानंतरही हे कलम जसंच्या तसं चालू राहिलं.

घटना आल्यावर अडचण अशी झाली की अनुच्छेद १९ (२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची जी कारणं मोजून दिली आहेत, त्यांच्याशी 'सार्वजनिक आणीबाणी' हे जुने शब्द जुळत नव्हते. विधी आयोगाने १९६८ मध्ये टपाल कायद्यावर अहवाल दिला, त्यातही हा मुद्दा होता. १९८६ च्या विधेयकामागची सरकारची अधिकृत भूमिका हीच: आम्ही नवीन काही मागत नाही, जुन्या कलमाला घटनेच्या भाषेत बसवतो आहोत. ही भूमिका निव्वळ बहाणा होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात तथ्य होतं.

पण विधेयकाचा मसुदा पाहिला तर कारणांची यादी लांबत गेलेली दिसते. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं. आणि जुनी सुरक्षितता, शांतता, आणीबाणी होतीच. यादी वाढली, पण पहारा वाढला नाही. हुकूम कुणी तपासायचा, किती दिवसांनी तपासायचा, पत्र अडवलं गेलं हे ज्याचं पत्र त्याला कधी कळणार, चुकीच्या माणसाचं पत्र फोडलं तर दाद कुठे मागायची, यातल्या एकाही गोष्टीची सोय त्यात नव्हती. वर्तमानपत्रांनी आणि वकिलांनी आरडाओरडा केला तो यासाठी. शिवाय आणीबाणी उठून दहा वर्षंही झाली नव्हती. पत्रांवर आणि फोनवर पाळत म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलं होतं ते लोक संसदेत आणि बाहेर हिंडत-फिरत होते.

सही मागितली कुणाकडे

या विधेयकावर सही कुणाची हवी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं समजत नाही.

झैलसिंगांचा जन्म ५ मे १९१६ चा, फरीदकोट संस्थानातल्या संधवां गावचा. शालेय शिक्षण जेमतेम, पण गुरुग्रंथसाहिबाचा अभ्यास मोठा, म्हणून 'ग्यानी'. मूळ नाव जर्नैलसिंग. संस्थानी राजवटीविरुद्ध उभे राहिले म्हणून पाच वर्षांची कैद झाली आणि तुरुंगातच त्यांनी झैलसिंग हे नाव घेतलं, असं सांगतात. पुढे १९७२ ते १९७७ पंजाबचे मुख्यमंत्री, १९८० पासून केंद्रात गृहमंत्री. १९८२ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. आपल्या नेत्याने हातात झाडू दिला असता तरी मी घेतला असता, असे उद्गार त्यांनी काढले आणि देशभर त्यांची थट्टा झाली. रबरी शिक्का म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं.

त्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध विरोधी पक्षांनी कुणाला उभं केलं होतं? न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, अटकेतल्या माणसाला न्यायालयात जाण्याचा हक्क उरलेला नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी सांगितलं, तेव्हा एकट्या खन्नांनी विरुद्ध निकाल लिहिला होता. सरन्यायाधीशपदावर त्यांना पाणी सोडावं लागलं ते यामुळेच. १९८२ ला ते मोठ्या फरकाने हरले. नागरिकाच्या हक्कांची बाजू खन्ना घेणार आणि सरकारची झैलसिंग, असा तेव्हा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. म्हणूनच पुढे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं.

जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य शिरलं. घटनेप्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती. कारवाईआधी झैलसिंगांना विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. कारवाईनंतर ते मंदिरात गेले, अकाल तख्ताची अवस्था त्यांनी स्वतः पाहिली, आणि स्वतःच्याच समाजाचा राग अंगावर घेतला. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा ते येमेनमध्ये होते. दौरा सोडून संध्याकाळी दिल्लीला परतले. विमानतळावरून इस्पितळाकडे जाताना त्यांच्या ताफ्यावर दगडफेक झाली. देशाच्या राष्ट्रपतींच्या गाडीवर दगड, कारण ते शीख. त्याच संध्याकाळी त्यांनी राजीव गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली.

इथे क्षणभर थांबायला हवं. नेहरू आणि शास्त्री गेले तेव्हा आधी हंगामी पंतप्रधान नेमले गेले होते. त्या संध्याकाळी तसं करता आलं असतं. संसदीय पक्षाची रीतसर निवड होईपर्यंत वाटही पाहता आली असती. राष्ट्रपतींना सल्ला द्यायला पंतप्रधानच नव्हते, तेव्हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तो चूक की बरोबर हा वाद वेगळा. पण ज्यांना आपण शिक्का म्हणत होतो त्यांच्या हातात त्या दिवशी काही तास देशाची किल्ली होती, आणि ती त्यांनी राजीव गांधींच्या हाती दिली.

वर्षभरात संबंध बिघडले. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना नियमित भेटून कारभाराची माहिती द्यायची, ही नेहरूंपासूनची वहिवाट. ती जवळजवळ थांबली. १९८५ मध्ये पंजाब करार झाला, आसाम करार झाला. आपल्याला नीट माहिती दिली गेली नाही, ही झैलसिंगांची तक्रार होती. अनुच्छेद ७८ प्रमाणे मंत्रिमंडळाचे निर्णय राष्ट्रपतींना कळवणं आणि त्यांनी मागितलेली माहिती पुरवणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. ती काही मेहेरबानी नव्हे. राष्ट्रपती पाहुण्यांशी बंद खोलीऐवजी बागेत बोलणं पसंत करतात, कारण भिंतींना कान आहेत अशी त्यांना शंका आहे, ही चर्चा दिल्लीत उघडपणे चालायची.

अशा माणसासमोर पत्रं फोडण्याचा अधिकार रुंद करणारं विधेयक आलं. आणि हा माणूस दोन वर्षं देशाचा गृहमंत्री राहिलेला. असे अधिकार कागदावर कसे दिसतात आणि प्रत्यक्षात कसे वापरले जातात, हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांच्यापुढे वाटा कोणत्या होत्या

अनुच्छेद १११ वाचायला सोपा आहे. विधेयक आलं की राष्ट्रपतींनी अनुमती द्यावी किंवा ती रोखून ठेवल्याचं जाहीर करावं. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) नसेल तर 'शक्य तितक्या लवकर' संदेशासह परत पाठवून फेरविचार सुचवावा. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं, दुरुस्ती करून किंवा न करता, तर मग अनुमती रोखता येत नाही.

'शक्य तितक्या लवकर' हे शब्द कुठून आले, हे पाहण्यासारखं आहे. घटनेच्या मसुद्यात इथे सहा आठवड्यांची मुदत होती. २० मे १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मांडून ती काढली आणि हे शब्द घातले. हरी विष्णू कामतांनी हरकत घेतली की असे मोघम शब्द घटनेत नकोत. दुरुस्ती मंजूर झाली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणार, तेव्हा मुदत कशाला हवी, असा विचार त्यामागे असावा. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात राष्ट्रपतींची जागा स्पष्टच केली होती: ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत.

आता झैलसिंगांच्या जागी बसून पाहू.

सही केली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पायंडा त्याच बाजूचा होता. फक्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचं घटनेतच लिहून टाकलं. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये एवढी सवलत दिली की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल.

उघड नकार दिला असता तर घटनात्मक पेच उभा राहिला असता. निवडून आलेल्या संसदेचं विधेयक, मंत्रिमंडळाचा सल्ला अनुमती द्या असा, आणि राष्ट्रपती म्हणतात देत नाही. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवलं होतं की या विधेयकाबाबत मी स्वतःच्या विचाराने वागेन. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड यांचं मत घेतलं आणि त्यांनी सांगितलं, राष्ट्रपतींना सल्ल्याप्रमाणेच वागावं लागेल. तो वाद तिथे थांबला. १९७४ च्या शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच पक्कं केलं. नकार देणाऱ्या राष्ट्रपतींवर अनुच्छेद ६१ खाली महाभियोग चालवता येतो, आणि राजीव गांधींकडे लोकसभेत ४०० हून अधिक खासदार होते.

उरला परत पाठवण्याचा मार्ग. घटनेने आखून दिलेला, सन्मानाचा मार्ग. माझ्या वर्गात हे प्रकरण घेतलं की मुलं हमखास हाच मार्ग सुचवतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण त्या लोकसभेचं बळ लक्षात घ्या. विधेयक परत गेलं असतं, थोडा गोंधळ झाला असता, सत्ताधारी पक्षाने ते तसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं असतं. दुसऱ्यांदा ते राष्ट्रपती भवनात आलं की सही करावीच लागली असती. परत पाठवणं ही एकच गोळी होती, आणि ती झाडली की बंदूक रिकामी.

म्हणून चौथा मार्ग उरतो, जो अनुच्छेदात लिहिलेला नाही पण त्याच्या शब्दांच्या मधल्या जागेत आहे: काहीच न करणं. परत पाठवायचं असेल तर 'शक्य तितक्या लवकर' पाठवा, एवढंच घटना सांगते. अनुमती कधी द्यायची याला तारीख नाही. अमेरिकेत अध्यक्षांना दहा दिवस असतात. आपल्याकडे दिवस मोजलेलेच नाहीत. आंबेडकरांनी सहा आठवडे काढले त्याचा हा उपयोग होईल असं त्या सभागृहात कुणाच्या मनातही आलं नसेल.

झैलसिंगांनी हा चौथा मार्ग घेतला.

पत्रांचंच वर्ष

पुढच्या महिन्यांत जे घडलं त्याच्या केंद्रस्थानीही एक पत्रच होतं. आपण राष्ट्रपतींना माहिती देत असतो, असं पंतप्रधानांनी लोकसभेत सांगितलं. झैलसिंगांनी मार्च १९८७ मध्ये त्यांना पत्र लिहिलं, आशय असा की वस्तुस्थिती तशी नाही. १३ मार्चला ते पत्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. देशात खळबळ उडाली. राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यातला पत्रव्यवहार संसदेत चर्चेला घेता येणार नाही, असा निर्णय दोन्ही सभागृहांच्या पीठासीनांनी दिला. त्यांत राज्यसभेचे सभापती होते उपराष्ट्रपती आर. व्यंकटरामन. हे नाव लक्षात ठेवा.

एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेची बातमी दिली. विश्वनाथ प्रताप सिंग मंत्रिमंडळातून बाहेर पडले. राष्ट्रपती पंतप्रधानांना बडतर्फ करणार, अशा वावड्या दिल्लीत रोज उठत होत्या. त्यांना तसं करायला सुचवणारेही होते. झैलसिंगांनी तसं काही केलं नाही. २५ जुलैला ते शांतपणे पायउतार झाले.

सरकारने विधेयकासाठी जोर का लावला नाही? मला वाटतं, सरकारलाच ते नकोसं झालं होतं. विधेयक लोकांना आवडलेलं नव्हतं आणि बोफोर्सनंतर 'हे सरकार आमची पत्रं फोडणार' हा मुद्दा विरोधकांच्या हातात आयता देणं परवडणारं नव्हतं. राष्ट्रपतींच्या टेबलावर ते पडून राहणं दोघांच्याही सोयीचं होतं. गप्प राहण्याची ताकद ही बरीचशी समोरच्याच्या अडचणीतून आलेली होती, हे मान्य करायला हवं. वर्षभर आधी, राजीव गांधींची लोकप्रियता शिखरावर असताना, हेच मौन एवढं टिकलं असतं का, याबद्दल मी साशंक आहे.

इथून पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. झैलसिंगांनी विधेयक सुमारे आठ महिने ठेवलं. त्यांच्यानंतर राष्ट्रपती झाले तेच व्यंकटरामन. विधेयक मंजूर झालं तेव्हा ते राज्यसभेच्या सभापतिपदावर होते. स्वभावाने नियमाला धरून चालणारे, घटनेचे जाणकार, पक्षाशी भांडण नसलेले. त्यांनीही सही केली नाही. एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ अडीच वर्षं. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आलं आणि जानेवारी १९९० मध्ये व्यंकटरामन यांनी विधेयक फेरविचारासाठी राज्यसभेकडे परत पाठवलं.

त्यामुळे या प्रकरणाला 'झैलसिंगांनी राजीव गांधींवर काढलेला राग' म्हणणं मला पटत नाही. राग होता, उघड होता. पण फक्त राग असता तर पुढच्या राष्ट्रपतींनी पहिल्याच आठवड्यात फाइल मोकळी केली असती. दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची माणसं एकाच कागदापाशी अडली, याचा अर्थ अडचण कागदातच होती. ज्येष्ठ, शिस्तीच्या माणसाने परत पाठवण्याचा सन्मानाचा मार्ग घेतला, पण कधी? परत पाठवलेलं विधेयक पुन्हा मंजूर होणार नाही असं सभागृह दिल्लीत बसल्यावर. त्यांनीही तीच गोळी जपून ठेवली होती.

नवं सरकार ते पुन्हा मंजूर करायच्या भानगडीत पडलं नाही. त्यानंतरचीही पडली नाहीत. राज्यसभा कधी विसर्जित होत नसल्याने तिथलं प्रलंबित विधेयक आपोआप रद्द होत नाही. ते तसंच पडून राहिलं आणि अखेर २००२ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात मागे घेतलं गेलं. मंजुरीपासून मागे घेण्यापर्यंत पंधराहून अधिक वर्षं.

बरोबर झालं का?

परिणाम चांगला झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या मधल्या वर्षांत कायद्याचीच समज बदलली. टेलिफोनवरच्या पाळतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की हुकूम कुणी काढायचा हे ठरलेलं हवं, त्याला मुदत हवी, तो तपासणारी समिती हवी. १९८६ च्या विधेयकात नेमक्या याच गोष्टी नव्हत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. झैलसिंगांसमोर विधेयक आलं तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. न्यायालयाचा आधार नसताना त्यांनी ते थांबवलं.

रीतीबद्दल मात्र मला अजून टोचतं. राष्ट्रपती का थांबले, हे देशाला त्यांच्या सहीनिशी कधीच कळलं नाही. दोन परिच्छेदांचा संदेश संसदेकडे गेला असता, की या कलमात तपासणीची तरतूद नाही, ती घाला, तर तो कायमचा दस्तऐवज झाला असता. मे २००६ मध्ये अब्दुल कलामांनी लाभाच्या पदांबाबतचं विधेयक असंच कारणं देऊन परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांना सही करावी लागली. म्हणजे ते हरले. पण त्यांचे प्रश्न आजही वाचता येतात. के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस मंत्रिमंडळाकडे फेरविचाराला पाठवली, तेव्हा मंत्रिमंडळानेच ती सोडून दिली. तिथे काय घडलं आणि का, हे सगळ्यांना दिसलं.

झैलसिंगांनी तसं केलं असतं तर विधेयक बहुधा कायदा झालं असतं. मी दोन्ही बाजू पुष्कळ वेळा तोलून पाहिल्या आहेत आणि दर वेळी झैलसिंगांच्या बाजूलाच येतो, थोडा अस्वस्थ होऊन. कारण हेच मौन उद्या एखाद्या चांगल्या कायद्यावरही बसू शकतं. राज्यांत राज्यपाल विधेयकं वर्षानुवर्षं दाबून ठेवतात तेव्हा तेही याच मोकळ्या जागेचा वापर करत असतात. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपाल आणि राष्ट्रपतींसाठी मुदती आखून दिल्या. राष्ट्रपतींनी त्यावर न्यायालयाचं मत मागवलं आणि २० नोव्हेंबरला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या घटनापीठाने सांगितलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. हा वाद राज्यांच्या विधेयकांचा होता, अनुच्छेद १११ चा नव्हे. तरी त्याच्या मुळाशी २० मे १९४९ ला काढलेले सहा आठवडेच आहेत.

आणि कलम?

पोस्टाची पेटी रिकामी होत गेली तसा हा विषयही लोकांच्या डोक्यातून गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवं टपाल विधेयक आलं, १८९८ चा कायदा पूर्ण बदलणारं. ४ डिसेंबरला राज्यसभेत आणि १८ डिसेंबरला लोकसभेत ते मंजूर झालं, तेव्हा विरोधी बाकांवरचे बरेच खासदार निलंबित होते. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. सहा दिवस.

त्याच्या ९ व्या कलमानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून कुठल्याही अधिकाऱ्याला टपालातली वस्तू अडवण्याचा, उघडण्याचा, ठेवून घेण्याचा अधिकार देऊ शकतं. कारणांची यादी ओळखीची आहे: राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता. शेवटी एक भर आहे, कुठल्याही कायद्याचं उल्लंघन. हुकूम कुणी आणि किती दिवसांत तपासायचा, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही.

आजोळचं घर विकलं तेव्हा मामाने ती तार मला दिली. सगळ्यात वर एक निळं पत्र आहे, नोव्हेंबर १९८६ चा शिक्का असलेलं, मावशीने आजीला लिहिलेलं. कड नीट उचकटलेली आहे. शेवटची ओळ शाबूत आहे, आणि ती मी इथे लिहिणार नाही.